ऑपरेटर लक्ष ठेवील

कुकरची शिट्टी झाली आणि बाबा वळले नाहीत. ते ओट्याला टेकून पेपर वाचत होते, कुकरपासून हातभर अंतरावर. बाहेरच्या खोलीत रुचिता केस विंचरत होती. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. तीन झाल्या की गॅस बंद करायचा, एवढं एकच काम आईने पवनीला बहिणीकडे जाताना बाबांवर सोपवलं होतं. चौथी झाली तशी रुचिता कंगवा केसांतच ठेवून आत आली. करपलेल्या डाळीचा वास सुटला होता आणि बाबा शांतपणे पान उलटत होते. तिने त्यांच्या पुढून हात घालून गॅस बंद केला तेव्हा ते दचकले. "झाली काय शिट्टी?" ते म्हणाले. "पेपरात असं ध्यान लागलं ना, काही समजलंच नाही." ते हसले. तीही हसली. आपल्याच तंद्रीत असणारा माणूस म्हणून बाबा घरात प्रसिद्ध होते आणि त्या तंद्रीची चेष्टा करायची घराची जुनी रीत होती. पण आज हसता हसता ती थांबली. बाबांनी शिट्टीकडे दुर्लक्ष केलं नव्हतं. त्यांच्यापुरती शिट्टी झालीच नव्हती.

वर्षभरापूर्वी तिने ते सोडून दिलं असतं. पण आता ती प्रोसेस डिझाइन इंजिनियर होती. हे पद एकोडीच्या आत्याला अजून नीट म्हणता येत नव्हतं. "आमची रुची पायपाचं काम करते" असं ती साऱ्या गावाला सांगायची, आणि खरं पाहिलं तर त्यात चुकीचं काही नव्हतं. कोणत्या पाइपातून काय जाईल, किती जाईल, किती तापेल हे कागदावर ठरवायचं आणि मग त्या प्रत्येक पाइपाबद्दल अभद्र बोलायचं. त्या अभद्र बोलण्याला हॅझॉप म्हणतात. टेबलावर मोठा नकाशा पसरायचा, भोवती जाणत्या माणसांनी बसायचं आणि एकेका पाइपावर बोट ठेवून विचारायचं: प्रवाह बंद पडला तर? जास्त आला तर? कमी आला तर? उलटा फिरला तर? कशामुळे होईल, झालं तर काय होईल, आणि अडवायला काय आहे? पाइप बदलतो, प्रश्न तेच. ऐकून ऐकून तो पाढा डोक्यात बसतो, बसमधून घरी येतो, जेवायला शेजारी बसतो. मोबाईलला रेंज गेली तर? आई पवनीहून परत आलीच नाही तर? आता करपलेला कुकर नळाखाली धरून ती उभी होती आणि पाढा आपोआप सुरू झाला होता. आवाज पोचला नाही तर? कशामुळे? झालं तर काय होईल? अडवायला काय आहे?

मग एकेक गोष्ट आपणहून पुढे येऊन उभी राहायला लागली. आई बाबांशी बोलण्याआधी त्यांच्या खांद्याला हात लावायची. रुचिताला वाटायचं, किती प्रेम आहे दोघांत. टीव्हीचा आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत जायचा. विहारात वंदना संपताना सगळे एकदम 'साधु, साधु, साधु' म्हणायचे आणि बाबांचं शेवटचं 'साधु' सगळ्यांच्या नंतर एकटंच यायचं. ते ओठ बघून म्हणत होते. लहानपणी ती त्यांच्या सायकलवर मागे बसून शाळेत जायची आणि साऱ्या रस्त्याने बडबडायची. जवाहरनगरचे ते सरळ रस्ते, दोन्हीकडे सारखीच पिवळी क्वार्टरं, समोरून येणाऱ्या दारूगोळा फॅक्टरीच्या बसेस. बाबा पुढून म्हणत राहायचे, "हो बेटा. हो हो." बाईने मारलं, हो बेटा. मला मोठेपणी फॅक्टरीत जायचंय, हो हो. आपलं सगळं म्हणणं मान्य करणारा एक माणूस जगात आहे, या भरवशावर ती एवढी मोठी झाली होती. त्यातलं त्यांना किती ऐकू आलं असेल? तिला एकदम रडू आलं, आणि करपलेल्या डाळीसाठी रडावं तशी ती नळाकडे तोंड करून रडली. बाबा पाठीमागेच होते. त्यांना ते ऐकू आलं नाही.

नुसतं एवढंच असतं तर निभावलं असतं. म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाचे कान, चालायचंच. पण दुसऱ्या दिवशी सोमवार होता, आणि सोमवारी बाबा नव्या नोकरीवर जाणार होते.

भंडाऱ्याबाहेर धानाच्या कोंड्यापासून तेल काढायचा कारखाना उभा राहत होता. मालकाला सगळे भैयाजी म्हणायचे. राइस मिलमधून कोंडा येणार, त्यावरून हेक्झेन सोडणार, हेक्झेन म्हणजे पेट्रोलचाच भाऊ, ते कोंड्यातलं तेल ओढून घेणार. मग स्टीम देऊन हेक्झेनची वाफ करायची, तेल खाली उरतं, आणि ती वाफ गार पाण्याच्या नळ्यांवर नेऊन पुन्हा थंड करायची. या सगळ्याचं डिझाइन रुचिताच्या कंपनीकडे होतं आणि तिची नेमणूक साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये होती. हॅझॉपही तिथेच झाला, मागच्या हिवाळ्यात. सर्वांत नव्या इंजिनियरला त्यात लिहायला बसवतात, त्याला स्क्राइब म्हणतात. तिच्या लॅपटॉपवरचं भिंतीवर मोठं होऊन दिसत होतं. सुरुवातीलाच मनिष सरांनी, म्हणजे तिच्या साहेबांनी, सांगून टाकलं होतं, "स्क्राइबला तोंड नसतं, बोटं असतात." सगळे हसले होते. तीही. नोकरीच्या पहिल्या वर्षात माणूस किती हसतो.

ती ओळ जेवणानंतर आली. ताटं नुकतीच उचलली होती, भैयाजींच्या घरून डबा आला होता, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड होती. गार पाण्याचा पाइप. प्रवाह बंद पडला तर? पंप थांबला, किंवा ऑपरेटरने चुकून व्हॉल्व्ह बंद केला. काय होईल? वाफ थंड होणार नाही, वरच्या तोंडातून बाहेर पडेल, जड असते, जमिनीलगत पसरेल, कुठेतरी ठिणगी भेटेल. हे बोलताना कोणीही आवाज चढवला नाही. अडवायला काय आहे? मनिष सरांनी नकाशावर इकडेतिकडे बघितलं. "पाणी कमी झालं की भोंगा वाजेल. ऑपरेटर स्टीमचा व्हॉल्व्ह बंद करेल. लिही, ऑपरेटर लक्ष ठेवील." तिची बोटं क्षणभर थांबली होती. तोच ऑपरेटर पहिल्या रकान्यात चूक करणारा होता आणि शेवटच्या रकान्यात वाचवणारा. पाणी गेलं की स्टीम आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह असतो, तो कॉलेजात शिकवला होता, परीक्षेत आला होता, तिने त्याचं चित्रही काढलं होतं. पण सगळे तिच्या बोटांची वाट पाहत होते. तिने लिहिलं. भिंतीवर ते मोठं होऊन उमटलं आणि सगळे पुढच्या पाइपाकडे गेले.

त्यानंतर कधीतरी चहा पिताना भैयाजींनी विचारलं, बाबा काय करतात. ती अभिमानाने सांगत सुटली. फॅक्टरीत होते, आताच रिटायर झाले, जिंदगी सारी डेंजर बिल्डिंगमध्ये काढली. खिशात काडीपेटी नाही, कमरेला बक्कल नाही, इमारतीत शिरण्याआधी तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज जमिनीत सोडायची. अजूनही घरात शिरताना फाटकाच्या लोखंडाला हात लावल्याशिवाय त्यांचा पाय आत पडत नाही. भैयाजी कप खाली ठेवून म्हणाले, "अरे, असाच माणूस पाहिजे ना आपल्याला! पोरं भेटते, शिस्त कुठं भेटते?" बाबांना बोलावणं गेलं. रक्त तपासलं, डोळे तपासले, ब्लडप्रेशर बघितलं. कान कोणी तपासले नाहीत. स्टीमच्या व्हॉल्व्हजवळची जागा बाबांना मिळाली, आणि क्वार्टर सोडायच्या विवंचनेत असलेल्या त्या घरात कितीतरी दिवसांनी पेढे आले.

"बाबा," तिने त्यांच्यासमोर जाऊन, अगदी समोर उभं राहून विचारलं, "तुम्हाला कधीपासून ऐकू येत नाही?"

त्यांनी पेपराची घडी केली. मग त्या घडीची घडी केली. "येते ना. सारं येते. डावा थोडा कमी येते, बस. एकोडीच्या तलावात बुड्या मारून मारून कान फुटला होता लहानपणी, तवाचा हाये तो."

"मी बाहेरून चार शिट्ट्या ऐकल्या."

"पेपर वाचून राहिलो होतो बेटा."

"बाबा, तिथे भोंगा वाजला आणि तुम्हाला—"

"तर मी पाहीन!" ते एकदम मोठ्याने म्हणाले, आणि आपण मोठ्याने बोललो हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग त्यांनी आवाज इतका खाली आणला की तिलाच कान द्यावा लागला. "सारी उमर बारुदीजवळ उभा राहिलो. एक गोष्ट इकडची तिकडं होऊ नाही देली. कोणाले सांगू नको वं रुची. सकाळी डबा घेऊन घराबाहेर नाही पडलो, तर मी कोण आहो हे मलेच समजत नाही. तीन महिने झाले, मी नुसता पेपर वाचून राहिलो." ते तिच्या तोंडाकडे बघत होते. उत्तर ऐकायला नव्हे, वाचायला. तिने मान हलवली. नाही सांगणार.

ती मनिष सरांकडे गेली. बाबांचं नाव न काढता व्हॉल्व्ह मागायचा असं तिने बसमध्ये ठरवलं होतं. स्टीमवर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह टाकू, सर. मनिष सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी नकाशा काढला, नीट बघितला, चष्मा काढून डोळे चोळले. "बरोबर आहे तुझं. पण तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, स्क्राइबला तोंड नसतं."

"मग आता कसं आलं?" ते हसले, पण फार नाही. "पाइप वेल्ड झाले, रुचिता. व्हॉल्व्ह मागवला तर यायला महिने जातील. धान निघालं, मिल सुरू होऊन राहिल्या, कोंडा ताजा असतो तेव्हाच घ्यावा लागतो. भैयाजीचा सीझन गेला तर तो मला उभा नाही करणार दारात. पुढच्या फेजमध्ये टाकू." तिने भोंग्यासोबत निदान लुकलुकणारा दिवा तरी लावा म्हटलं. तोही तिथे खास ठिणगी न पडणारा लागतो, त्यालाही तेवढाच वेळ. ती उठेना, तेव्हा त्यांना तिची दया आली असावी. "असं कर," ते म्हणाले, "त्या ओळीत 'प्रशिक्षित' टाक. प्रशिक्षित ऑपरेटर लक्ष ठेवील. म्हणजे भैयाजीला ट्रेनिंग द्यावंच लागेल." तिने टाकलं. एका शब्दाने आपण काय वाढवलं, याचा ती दिवसभर विचार करत बसली.

पुढचे दिवस तिने बाबांकडे चोरासारखं बघण्यात घालवले. ते खुशीत होते. फुल बाह्यांचा सुती शर्ट, नाडीची पँट, डबा. साइटच्या लोखंडी फाटकाला हात लावून आत शिरायचे आणि बाकीची पोरंही गंमत म्हणून तसं करायला लागली होती. पवनीचा प्रविण नावाचा एक आयटीआय झालेला पोरगा त्यांच्या जोडीला होता, तो तर त्यांना गुरुजीच म्हणायचा. एक दिवस भोंग्याची चाचणी झाली. भोंगा केकाटला, सगळ्यांनी माना वळवल्या, आणि त्या माना वळलेल्या बघताक्षणी बाबांनी झडप घालून व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. भैयाजींनी टाळ्या वाजवल्या. रुचिता सावलीत उभी होती. तिला कळत होतं की बाबा भोंगा नाही, माणसं ऐकत होते. आणि खऱ्या पाळीला तिथे माणसं नसणार, प्रविणची पाळीही वेगळी. तिथे एक चाक असेल, एक भोंगा असेल आणि बाबा. बसमधून घरी येताना ते तिच्याशी बोलत राहायचे आणि ती 'हो बाबा, हो हो' म्हणत राहायची.

सुरू करण्याआधी शेवटची बैठक असते. जुन्या सगळ्या ओळी पुन्हा वाचायच्या आणि एकेक बंद करायची. या वेळी ऑपरेटरांनाही बोलावलं होतं, ते भिंतीलगत खुर्च्यांवर बसले होते, बाबा पंख्याखाली, हात मांडीवर ठेवून. ती लॅपटॉपवर. सकाळपासून ती एकच हिशेब मांडत होती. सांगितलं, तर बाबा जन्मभर बोलणार नाहीत. पण सांगितलं तर ती ओळ पडेल. माणूस बहिरा असू शकतो, लघवीला गेलेला असू शकतो, पेंगू शकतो. एकदा हे या खोलीत मोठ्याने म्हटलं गेलं की 'ऑपरेटर लक्ष ठेवील' हे अडवणं उरतच नाही, मग व्हॉल्व्ह टाकावाच लागेल. बाबांची अब्रू जाईल आणि बाबा वाचतील, आणि बाबांच्या जागी जो कोणी उभा राहील तोही वाचेल. एवढ्यासाठी ते करावं असं तिला वाटत होतं. करू नये असंही तितकंच वाटत होतं. बोटं कीबोर्डवरच होती.

"गार पाणी," मनिष सरांनी वाचलं. "भोंगा, प्रशिक्षित ऑपरेटर. ट्रेनिंग झालं. क्लोज?"

"सर," रुचिता म्हणाली, "ऑपरेटरला ऐकू येत नाही."

"कोणत्या ऑपरेटरला?"

"माझ्या बाबांना."

सगळे वळून बाबांकडे बघू लागले. बाबांनी ते सगळे चेहरे आपल्याकडे वळलेले पाहिले, आपल्या लेकीचाही. त्यांना वाटलं, आपली तारीफ झाली. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडले, हसून.  भैयाजी खिडकीकडे गेले, पाठ करून उभे राहिले आणि साध्या आवाजात बाबांना म्हणाले, "संघपालजी, जरा तो पंखा बंद करा." बाबा हात जोडून हसत उभे होते. पंखा फिरत होता. रुचिताला वाटलं आपण ओरडावं, 'बाबा, पंखा', ते बटण आपणच उठून दाबावं, हे बघणं संपवावं. मग प्रविण उठला, घाबरत घाबरत, आणि त्याने बटण बंद केलं.

"नाव काय बेटा तुझं?" भैयाजींनी वळून विचारलं.

"प्रविण, भैयाजी."

"ऐकू येते ना?"

दोघेतिघे हसले. सगळे हसताहेत हे बघून बाबाही हसले.

"बरं झालं बोललीस," मनिष सर तिच्याकडे झुकून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच कौतुक होतं. "असंच बोलायला पाहिजे. ऑपरेटर बदलला. क्लोज कर."

"सर, पण व्हॉल्व्ह—"

"व्हॉल्व्हचं काय? अडचण ऑपरेटरची होती ना? तूच म्हणालीस." ते पुढच्या ओळीकडे गेलेही होते. तिने ओळ पुन्हा वाचली. त्यात कोणाचं नाव नव्हतंच, त्यामुळे एक अक्षरसुद्धा बदलावं लागलं नाही. शेवटच्या रकान्यात तिने 'क्लोज' लिहिलं, भिंतीवर ते मोठं होऊन उमटलं. प्रविण बाबांच्या शेजारी परत येऊन बसला होता आणि जमिनीकडे बघत होता. त्या ओळीत आता आपण आहोत हे त्याला कळलं होतं की नाही, तिला माहीत नव्हतं.

भैयाजींनी नंतर बाबांना बाजूला नेऊन, चहा देऊन, खांद्यावर हात ठेवून सगळं सांगितलं. मोठ्या आवाजात, समोर उभं राहून. ते सगळ्या साइटने ऐकलं. बसमध्ये बाबा खिडकीशी बसले, डावा कान तिच्याकडे करून. तिने दोनदा 'बाबा' म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं? आजपर्यंत ती शंका घ्यायची वेळ आली नव्हती आणि आता ती जन्मभर पुरणार होती. घर आलं. बाबा फाटकाच्या लोखंडाला हात न लावता आत गेले.

ज्या दिवशी कारखान्यात पहिल्यांदा स्टीम सोडली, त्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली तेव्हा आई पवनीहून आलेली होती आणि बाबा ओट्यासमोर स्टूल घेऊन बसले होते. कुकर चढवलेला होता. ते त्याच्या शिट्टीकडे टक लावून बघत होते, पेपर नाही, काही नाही, गॅसच्या बटणावर हात. तिच्या डोक्यात पाढा चालूच होता. या घटकेला तिथे प्रविण उभा असेल. पाणी गेलं तर? कुकर आतून खदखदला, शिट्टी थरथरली, उचलली गेली. बाबांनी झटकन बटण फिरवलं, चाक फिरवतात तसं, आणि मागे वळून दाराकडे बघितलं. ती दारातच होती.

"अहो, एकच तर झाली! भाताले तीन लागते," आई आतून ओरडली. बाबांची पाठ आईकडे होती.

तसाच भात वाढला. तिघं जेवायला बसली. आईने एक घास घेतला, थांबली आणि विचारलं, "कच्चा राह्यला काय वं?"

रुचिता ताट घेऊन उठली आणि बाबांच्या अगदी समोर येऊन बसली. त्यांना आपले ओठ दिसतील अशी. "नाही आई," ती सावकाश म्हणाली, "शिजला आहे."

बाबांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग ताटाकडे, आणि ते खाऊ लागले. सगळ्यांच्या दातांखाली दाणे करकरत होते. आईला ते ऐकू येत होतं, आणि तिलाही.